मेंदूतला समुद्रघोडा आणि आपली आठवण



‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली होती. तेव्हा तिचा अर्थ बाईंनी सांगितला होता, आता सत्तरी ओलांडल्यावर तो रोज अनुभवाला येतो. चष्मा डोळ्यांवर असतो आणि आम्ही तो घरभर शोधत असतो. फ्रिज उघडून उभं राहायचं आणि काय घ्यायला आलो तेच आठवायचं नाही, असंही होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असंच होत असणार, म्हणून हसून सोडून देतो.

पण सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. काही महिन्यांपूर्वी शब्बातच्या जेवणाला आम्ही आमच्या थोरल्या ताईकडे जमलो होतो. ताई आमच्याहून दहा वर्षांनी मोठी. जेवताना तिनं रेवदंड्याच्या आमच्या घरामागच्या विहिरीची गोष्ट सांगितली. रहाटाचा आवाज कसा यायचा, घागर कोणाच्या हातून पडली, आजोबा काय म्हणाले, सगळं अगदी बारकाईनं. पाच मिनिटांनी तिनं विचारलं, ‘‘बाय, तू जेवलीस का?’’ आम्ही तिच्या शेजारीच बसून जेवत होतो. तिचा नऊ वर्षांचा नातू पटकन म्हणाला, ‘‘आजी मुद्दाम करते का? लहानपणचं सगळं आठवतं आणि आत्ताचं नाही!’’ मोठी माणसं हसली. ताई मात्र गप्प झाली आणि पुढं जेवलीच नाही.

आम्ही ३८ वर्षं नर्सचं काम केलं. मुंबईत शिकलो, १९७३ साली इथं आलो आणि इथल्याच वॉर्डांत म्हातारे झालो. त्या पोराला नीट उत्तर देणं आमचं कामच होतं. घरी जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहीत आहोत. आजी-आजोबांनी वाचावं, आणि ज्या मुलांना मराठी वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं.

कुठे असतो हा समुद्रघोडा?

बालमित्रांनो, दोन्ही हातांची बोटं कानांच्या जरा वर, कानशिलांपाशी ठेवा. तिथून आत, कवटीच्या मधल्या बाजूला, मेंदूच्या तळाशी एक छोटा भाग असतो. त्याचं नाव हिपोकॅम्पस. डावीकडे एक, उजवीकडे एक, अशी ही जोडी. प्रत्येकाची लांबी साधारण ४ ते ५ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या करंगळीएवढी.

हिपोकॅम्पस हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ समुद्रघोडा, आपल्याकडे ज्याला घोडामासाही म्हणतात. इटलीतल्या बोलोन्या शहरात अरांझी नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी १५८७ साली छापलेल्या ग्रंथात या भागाला हे नाव दिलं. मेंदूतून अलगद काढून ठेवला तर तो खरोखरच शेपूट वळवलेल्या घोडामाशासारखा दिसतो. पुढच्या काळातल्या काही वैद्यांना मात्र त्यात वळलेलं मेंढ्याचं शिंग दिसलं. त्यांनी प्राचीन मिस्रच्या लोकांच्या शिंगवाल्या देवाच्या नावानं त्याला ‘अम्मोनचं शिंग’ म्हटलं. सिनेगॉगमधला शोफार पाहिलेल्या आपल्या मुलांना हे शिंग कसं वळलेलं असेल ते वेगळं सांगायला नको.

तो आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर दोन चंद्रकोरी एकमेकींत अडकवल्यासारख्या दिसतात. एक कोर ‘दंतुर घडी’ची. तिच्यावर दातांसारख्या खाचा असतात म्हणून हे नाव. दुसरी कोर अम्मोनच्या शिंगाची. तिचे डॉक्टर लोक सी-ए १, सी-ए २, सी-ए ३ असे भाग करतात. या सगळ्यांच्या बाहेर एक देवडी आहे, एंटोरायनल कॉर्टेक्स नावाची. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, नाकानं हुंगलेलं, सगळं मेंदूच्या आपापल्या भागांतून या देवडीवर येतं आणि मग आत जातं.

आत काम काय चालतं?

आम्हाला ते वॉर्डातल्या रजिस्टरच्या उदाहरणानं चांगलं समजतं. हॉस्पिटलात पेशंट वेगवेगळ्या खाटांवर असतात, पण कोण कुठल्या खाटेवर आणि कधी आला, याची नोंद एका रजिस्टरात असते. रजिस्टर म्हणजे पेशंट नव्हे, पण ते हरवलं तर माणूस शोधता येत नाही. आठवणीचंही तसंच आहे. सणाच्या दिवशीचा चेहरा मेंदूच्या एका भागात, गाण्याचा आवाज दुसऱ्या भागात, नारळाच्या दुधाचा वास तिसऱ्या भागात. हे सगळं एकाच दिवशी, एकाच घरात घडलं, ही नोंद हिपोकॅम्पस करतो.

देवडीतून आलेली बातमी आधी दंतुर घडीत जाते. तिचं काम सारख्या दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्या करणं. काल गोळी घेतली आणि आज गोळी घेतली, या दोन गोष्टी दिसायला सारख्याच, पण वेगळ्या ठेवाव्या लागतात. तिथून बातमी सी-ए ३ मध्ये जाते. त्याचं काम शितावरून भात ओळखण्याचं. थोडासा धागा मिळाला की तो पूर्ण आठवण ओढून काढतो. चिकाच्या हलव्याचा वास आला की अख्खा रोश हशाना, आईची साडी आणि ओटीवरची माणसं डोळ्यांपुढं येतात, ते याच्यामुळं. मग सी-ए १ मधून बातमी बाहेर पडते आणि मेंदूच्या मोठ्या भागांकडे परत जाते.

नोंद पक्की कशी होते? दोन पेशी वारंवार एकमेकींशी बोलल्या की त्यांच्यामधला सांधा मजबूत होतो. पायवाट चालून चालून रुळते ना, तसंच. टिमोथी ब्लिस आणि तेर्ये लोमो या दोघांनी १९७३ साली सशांच्या हिपोकॅम्पसमध्ये हे दाखवून दिलं. आणखी एक गोष्ट. हे काम झोपेतही चालू असतं. दिवसभर घडलेलं रात्री पुन्हा उजळलं जातं आणि हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरांत उतरवून ठेवलं जातं. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करणारी मुलं स्वतःचंच नुकसान करून घेतात.

या समुद्रघोड्याच्या तोंडाशी बदामाएवढा आणि बदामासारखाच एक भाग असतो, अमिग्डाला. भीती, आनंद, दुःख यांच्याशी त्याचा संबंध. भावना मोठी असली की तो शेजाऱ्याला सांगतो, ही नोंद ठळक लिही. म्हणून गेल्या मंगळवारी काय स्वयंपाक केला ते आठवत नाही, पण मुंबईच्या विमानतळावर निरोप द्यायला कोण कोण आलं होतं, ते आपल्यापैकी प्रत्येक जण आजही सांगू शकेल.

ज्याचं रजिस्टरच काढून टाकलं

हे सगळं कळलं ते एका गरीब बिचाऱ्या माणसामुळं. त्याचं नाव हेन्री मोलायसन, अमेरिकेचा राहणारा. त्याला लहानपणापासून फिट्स यायच्या, पुढं इतक्या वाढल्या की काम करणं अशक्य झालं. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, हार्टफर्ड शहरात डॉ. स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूचं ऑपरेशन केलं आणि दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पसचा बराच भाग काढून टाकला. त्या काळी या भागाचं खरं काम कोणालाच नीट माहीत नव्हतं. फिट्स पुष्कळ कमी झाल्या. पण त्यानंतर हेन्रीच्या आयुष्यात नवीन नोंदच होईना. नर्स खोलीतून बाहेर जाऊन परत आली की तिला तो पहिल्यांदाच भेटल्यासारखा बोले.

माँट्रियलच्या ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला वर्षानुवर्षं तपासलं आणि १९५७ साली डॉ. स्कोव्हिल यांच्यासोबत ही हकिकत जगापुढं मांडली. हेन्रीची बुद्धी शाबूत होती, बोलणं नीट होतं, लहानपणच्या कितीतरी गोष्टी आठवत होत्या. बाईंनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. हे अवघड असतं, घरी करून पाहा. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी तो म्हणे की हे मी कधी केलेलंच नाही! डोक्याला ठाऊक नव्हतं, हाताला ठाऊक होतं. म्हणजे हातांची शिकवण मेंदूत दुसरीकडे साठवली जाते, हे सिद्ध झालं. हेन्री २००८ साली, ८२ वर्षांचा होऊन वारला. तोपर्यंत त्याचं नाव गुप्त ठेवून फक्त ‘एच. एम.’ एवढंच लिहीत. पुढं त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करून अभ्यासासाठी ठेवले आहेत. ज्याला स्वतःला काही आठवत नव्हतं, तो डॉक्टरांच्या कायम आठवणीत राहिला.

वाट दाखवणाराही तोच

हिपोकॅम्पसचं दुसरं मोठं काम म्हणजे जागा ओळखणं. लंडनच्या जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या हिपोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशीच जागी होते. नंतर २००५ साली नॉर्वेच्या मोझर दांपत्याला शेजारच्या देवडीत नकाशाच्या चौकटीसारखं काम करणाऱ्या पेशी सापडल्या. या तिघांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या इस्राएलमध्येही यावर मोठं काम झालं आहे. रेखोवोतच्या वाइझमन संस्थेत नाखुम उलानोव्स्की यांनी वटवाघळांवर अभ्यास केला. उडणाऱ्या वटवाघळाच्या मेंदूत पुढं-मागं, डावं-उजवं आणि वर-खाली अशा तिन्ही दिशांचा नकाशा असतो, हे त्यांनी २०१३ साली दाखवलं.

लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० साली १६ ड्रायव्हरांचे मेंदू तपासले, तर त्यांच्या हिपोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला.

म्हणूनच वाट चुकणं ही गोष्ट आम्ही नर्सा हलकी समजत नाही. ताई गेल्या वर्षी शूकमधून भाजी घेऊन निघाली आणि ज्या गल्लीत ती चाळीस वर्षं राहते तीच तिला सापडेना. शेजारच्या बाईंनी हात धरून घरी आणली. त्या दिवशी आम्हाला कळलं की आता डॉक्टरला दाखवायला हवं.

तपासणी, आणि आमची चूक

इथं एक गोष्ट मनाविरुद्ध लिहावी लागते. पहिल्या दवाखान्यात ताईची आठवणीची तपासणी झाली ती हिब्रूत. तीन शब्द सांगायचे, थोड्या वेळानं विचारायचे, तारीख, वार, घड्याळाचं चित्र. ताई तिशीनंतर इथं आली. कारखान्यात काम करून कानांनी हिब्रू शिकली, वाचायला कधी शिकली नाही. तीन शब्दांतला एकही तिला आठवला नाही. थोडक्यात उरकलं आणि कागदावर आजार बराच पुढं गेल्याचं लिहून आलं. आम्ही शेजारीच बसलो होतो, ३८ वर्षं नोकरी केलेली नर्स, आणि काही बोललो नाही. घरी येऊन रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना आम्ही स्पष्ट सांगितलं, हिची भाषा मराठी आहे, मराठीत विचारू द्या. त्यांनी मान्य केलं. आम्ही म्हटलं, ‘‘ताई, आंबा, खुर्ची, रुपया, लक्षात ठेव.’’ पाच मिनिटांनी तिनं आंबा आणि रुपया सांगितला. घड्याळही बरोबर काढलं. रक्त तपासलं तर बी-१२ फार कमी निघालं. ऐकूही कमी येत होतं, म्हणजे जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कुठून? इंजेक्शनं सुरू झाली, कानाला मशीन लागलं. तीन महिन्यांत ताई बरीच तरतरीत झाली. पण खोटं कशाला लिहावं, विसरणं पूर्ण गेलं नाही. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गोष्टी आहेत. भाषा, कान आणि बी-१२ यांचा भाग होता, आणि अल्झायमरची सुरुवातही आहे.

या अनुभवातून वाचकांना दोन गोष्टी सांगतो. आपल्या माणसाची तपासणी त्याच्या भाषेत व्हावी म्हणून कुपत खोलिममध्ये बेधडक मागणी करा. आणि दुभाष्याचं काम करताना प्रेमापोटी उत्तर सुचवू नका. आमच्याही ओठांवर ‘खुर्ची’ आलंच होतं!

तर आजी मुद्दाम करते का?

नाही, बाळा. १९०६ साली जर्मनीच्या डॉ. अल्झायमर यांनी ज्या आजाराचं वर्णन केलं, त्यात मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ या नावांची प्रथिनं चुकीच्या तऱ्हेनं साठतात आणि पेशी मरतात. आठवणीचं हे नुकसान बहुधा त्याच देवडीपाशी आणि समुद्रघोड्यात सुरू होतं. त्यामुळं आजची नोंद लिहिलीच जात नाही. रेवदंड्याची विहीर मात्र साठ-सत्तर वर्षांपूर्वी पक्की लिहून, शेकडो वेळा सांगून, मेंदूच्या बाहेरच्या थरांत उतरलेली आहे. तिथवर आजार उशिरा पोचतो. म्हणून जुनं आठवतं आणि नवं आठवत नाही.

तेव्हा ‘‘आत्ताच सांगितलं ना!’’ असं आजीला म्हणू नये. जे लिहिलंच गेलं नाही ते तिनं वाचावं कसं? तिला फक्त आपला राग समजतो, आणि बदामाच्या कृपेनं तो बराच वेळ टिकतो.

औषधांबद्दल एक अभिमानाची गोष्ट. या आजारात दिलं जाणारं रिव्हास्टिग्मिन हे औषध जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात मार्टा वाइनस्टॉक-रोझिन या बाईंच्या संशोधनातून निघालं. गोळीच्या आणि कातडीवर चिकटवायच्या पट्टीच्या रूपात ते मिळतं. त्यानं आजार बरा होत नाही, पण काही जणांना काही काळ आधार मिळतो. डॉक्टरला विचारूनच घ्यावं.

आपल्या हातात काय आहे?

पुष्कळ आहे. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाच्या तज्ज्ञ मंडळानं २०२४ साली १४ कारणं सांगितली. ती सांभाळली तर जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या सुमारे ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांतली आपल्या कामाची अशी:

ब्लडप्रेशर, साखर आणि कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा. सिगारेट सोडा. कमी ऐकू येत असेल तर लाज न बाळगता मशीन लावा. मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. एकटं घरात बसू नका.

चाला. अमेरिकेत १२० वयस्कर माणसांवर वर्षभर प्रयोग झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. जे आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालले, त्यांचा हिपोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. जे नुसते हातपाय ताणण्याचे व्यायाम करत होते, त्यांचा थोडा आकसला.

आपल्या गोळ्यांची पिशवी वर्षातून एकदा डॉक्टरपुढं उघडा. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं. थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. मनाची उदासीही आठवण खाते, तिच्यावर उपचार आहेत.

किल्ली कुठं ठेवली ते विसरणं वयाचं असतं. किल्ली कशासाठी असते तेच कळेनासं झालं, तर डॉक्टरकडे जावं. आणि एखादा माणूस एका दिवसात अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागला, तर ‘म्हातारपण’ म्हणून थांबू नका. लघवीतला संसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर उतरणं किंवा मेंदूचा झटका, काहीही असू शकतं. लगेच हॉस्पिटल गाठा.

मुलांसाठी खेळ

एका ताटात दहा वस्तू ठेवा: चमचा, बटण, लिंबू, किल्ली असं काहीही. एक मिनिट पाहा, वरून फडकं टाका आणि आठवून लिहा. मग त्याच वस्तूंची एक गोष्ट रचून पुन्हा खेळा. गोष्टीत गुंफलेलं जास्त आठवतं, कारण सी-ए ३ ला ओढायला धागा मिळतो. आजीबरोबर खेळायचं तर जुने फोटो घ्या. तिथं तीच जिंकेल. ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा, कारण त्या विहिरीची नोंद उद्या तुमच्याच रजिस्टरात असायला हवी.

ताईच्या नातवानं हे सगळं ऐकून घेतलं. आता तो शाळेतून आला की दारातूनच म्हणतो, ‘‘आजी, मी तुझा नातू. शाळेतून आलो.’’ ताई म्हणते, ‘‘ठाऊक आहे रे, एवढी काही विसरले नाही मी!’’ गेल्या सणाला तिनं करंज्या केल्या. सारणात साखर दोनदा पडली, ते खरं. पण कडेची मुरड घालताना तिची बोटं एकदाही अडखळली नाहीत. नातू शेजारी बसून शिकत होता. त्याची पहिली करंजी तळताना फुटली, तिसरी टिकली.

सर्व वाचकांना १२० वर्षांचं आयुष्य लाभो, आणि तोवर समुद्रघोडा शाबूत राहो.